सोमवारचा गळा

आमच्या नांदेडच्या घरात पहाट होई ती दोन आवाजांनी. पहिला दुरून येई, गुरुद्वाऱ्यातील कीर्तनाचा. आणि तो कानावर पडतो न पडतो तोच दुसरा आतल्या खोलीतून उठे, तो माझ्या आत्याचा. आत्या असली तरी घरात लहानथोर सारे तिला अक्काच म्हणत, आणि मीही तेच म्हणत आले. बाहेरच्या जगाला त्या भागीरथीबाई देवणीकर म्हणून ठाऊक होत्या. नभोवाणीवर त्यांचे नाव उच्चारताना निवेदकाचा स्वर किंचित नम्र होई, आणि त्या गाणार आहेत असे कळले की चार-चार गावांची माणसे बैलगाड्या जुंपून येत. घरात मात्र त्या अंगावर घोंगडी घेतलेल्या, भिंतीला पाठ न टेकता बसलेल्या एक प्रौढ बाई होत्या, आणि खर्जातील एकच षड्ज लावून धरीत होत्या. तो स्वर स्थिर झाला की कोनाड्यात ठेवलेले पितळी फुलपात्र आपोआप गुणगुणू लागे. लहानपणी मला वाटे, त्या पात्रात देव आहे. पुढे नादशास्त्र वाचल्यावर त्यामागचे कारण कळले. पण कारण कळल्याने ते आश्चर्य उणे झाले, असे आज या वयातही म्हणवत नाही.

उजाडल्यावर स्नान, भस्म, आणि गळ्यातील इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा. त्यानंतर न्याहारी. गाणाऱ्याने दही खाऊ नये, तिखट खाऊ नये, असे सांगणारे लोक घरी पुष्कळ येत. अक्का त्यांचे सारे शांतपणे ऐकून घेत आणि ज्वारीचे धपाटे, वाटीभर दही आणि लसणाची तांबडी चटणी त्यांच्यासमोरच खात. “गळा भ्यायला की बसतो,” त्या म्हणत. “त्याला भिववायचं न्हाई.” आई चुलीपाशी बसून हसे. तिने भाजलेल्या शेंगदाण्यांचा आणि अंबाडीच्या फोडणीचा वास, अंगणात हौदावर घासल्या जाणाऱ्या भांड्यांचा आवाज, आणि त्यात अक्कांचे मधूनच एखादी तान घोळवून पाहणे, हे सारे इतके नित्याचे होते की एका थोर गायिकेच्या घरात आपण वाढत आहोत, हे मला फार उशिरा उमगले. मी तेव्हा नदीकाठच्या शास्त्रीबुवांकडे संस्कृत शिकत होते. ते संध्याकाळी आमच्याकडेच येत, मला पाठ देत, आणि अक्का गाणार असतील त्या स्तोत्राचे उच्चार आम्हा दोघींकडून घोटून घेत. कार्यक्रमांत अक्कांच्या मागे बसून तंबोरा छेडण्याचे कामही माझ्याकडे आले होते.

न्याहारीनंतरची वेळ व्यवहाराची. ओसरीवर सतरंजी अंथरली जाई आणि कार्यक्रम ठरवायला आलेली मंडळी बसत. कुणी यात्रेचे पंच, कुणी लग्नघरचे, कुणी गणेशोत्सवाचे. बोलणी करीत ते माझे वडील. त्यांचे नाव गुरुलिंग, पण आम्ही त्यांना अप्पा म्हणत असू; ते अक्कांचे धाकटे भाऊ. अक्का त्यांच्या शेजारी पदर सावरून बसत आणि येणाऱ्याच्या गावाची, पिकाची, देवळाची चौकशी करीत. बिदागीविषयी त्यांच्या तोंडून कधी एक शब्द निघाला नाही. पण भाव ठरवीत त्याच. आमचे आजोबा उदगीरच्या बाजारात आडत्या, म्हणजे धान्याचे दलाल, होते, आणि त्या काळी धान्याचा भाव मोठ्याने पुकारत नसत. घेणारा आणि आडत्या एकमेकांचे हात रुमालाखाली धरीत आणि बोटे दाबून आकडा सांगत. चारचौघांत उभे राहूनही तो आकडा दोघांतच राही. अक्का लहानपणी आजोबांच्या मांडीशी बसून ती बोटांची बोली शिकल्या होत्या. ओसरीवर बोलणी चालू असता त्यांचा पदर अप्पांच्या हातावर सहज पडल्यासारखा पडे, त्याखाली बोटे दाबली जात, आणि अप्पा एकदम म्हणत, “बघा, यापेक्षा कमीत जमणार न्हाई.” किंवा एखाद्या गरीब गावच्या पंचांना म्हणत, “चला, देवाचं काम हाय, तुमच्या मनासारखं होऊ द्या.” ही गोष्ट बाजारपेठांत सर्वश्रुत होती आणि लोक तिचे कौतुकही करीत.

ठराव झाला की पाहुणा पितळी ताटात नारळ आणि सुपारी ठेवी. अक्का ते ताट उचलून कपाळाला लावीत. तेवढ्याने ठरले. कागद नाही, सही नाही. आज माझी नात मला सांगते की मोठ्या गायकांचे करारनामे वीस-वीस पानी असतात आणि ते वाचायला वकील लागतो. असतीलही, काळ वेगळा आहे. मी इतकेच सांगू शकते की कपाळाला लावलेले ताट अक्कांनी कधी परत केले नाही. ताप अंगात असताना त्या लोह्याकडच्या एका खेड्यात गाऊन आल्या, आणि घरी येऊन पडल्या तेव्हा आईने विचारले, “एवढं काय अडलं होतं?” तर म्हणाल्या, “ताट कपाळाला लावलं होतं, वैनी.”

या साऱ्या व्यवहाराला सोमवारी सुट्टी असे. सूर्योदयापासून दिवे लागेपर्यंत अक्का सोमवारी बोलत नसत, गात नसत, गुणगुणतही नसत. त्यांच्या गुरूंनी गळ्यावर हात ठेवून त्यांना सांगितले होते की सहा दिवस हा तुझा, एक दिवस ज्याचा त्याला परत देत जा. अक्कांनी ते अक्षरशः घेतले. त्या दिवशी त्या देवघरासमोर बसत आणि पदराखाली उजव्या हाताच्या बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवीत पंचाक्षरीचा जप करीत. जपाचा हात उघडा ठेवू नये, असे शास्त्रवचन आहे. म्हणून तो पदराखाली. त्या दिवशी घर इतके निःशब्द होई की आईसुद्धा फोडणी हळू देई. येणारे भाविक लांबून नमस्कार करीत, समोर नारळ, फुले, खडीसाखर ठेवून जात. जे समोर येईल ते देवाचे, म्हणून अक्का ते मिटल्या डोळ्यांनी उचलून कपाळाला लावीत.

ज्या प्रसंगासाठी मी हे प्रकरण लिहावयास घेतले, तो अशाच एका सोमवारी सुरू झाला. अप्पा अर्धापूरच्या एका केळीबागायतदाराकडे लग्नातल्या गाण्याचे ठरवायला गेले होते. दारात एक गृहस्थ आले. अंगात धुवट सदरा, खांद्यावर पांढरा रुमाल, कपाळावर भस्माचे पट्टे, हातात कापडी पिशवी.

मी म्हणाले, “अक्का आज बोलत नाहीत. सोमवार आहे. अप्पा गावाला गेलेत. उद्या याल का?”

“उद्या कशाला, ताई? लातूरहून आलोय, यष्टीत उभ्यानं. बोलायचं काम मी करतो की. अक्कांनी नुसतं ऐकावं.”

आणि ते अक्कांच्या समोर, अदबीने थोडे दूर, मांडी घालून बसलेदेखील. “अक्का, मी सिद्रामप्पा. आमचं गाव औश्याकडं. बाप दुसऱ्याच्या आडतीवर पोती उचलून गेला. मी आता सोताची आडत टाकून राहिलोय, लातूरच्या गंजात, धान्यबाजारात. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी सकाळी मुहूर्त हाय, नवा मूग येतो त्या टायमाला. पहिल्या सौद्याच्या आधी तुमच्या तोंडून शिवाचं गाणं व्हावं, येवढीच इच्छा.”

अक्कांचे डोळे मिटलेले होते. पदर हलत होता. खाली अंगठा पेरांवरून फिरत होता. सिद्रामप्पा पुढे झुकले आणि एकाग्रतेने त्या पदराकडे पाहू लागले. त्यांचे ओठ हलले. मान डोलली. “हाव,” ते पुटपुटले, “हाव. समजलं.” त्यांच्या डोळ्यांत पाणी आलेले मी पाहिले. पिशवीतून नारळ आणि सुपारी काढून त्यांनी समोरच्या ताटात ठेवली. जपाचा फेरा संपल्यावर अक्कांनी, सोमवारी समोर आलेले सारे लावीत तसे, ते ताट कपाळाला लावले. सिद्रामप्पांनी साष्टांग नमस्कार घातला आणि पाठ न दाखवता ते मागे मागे सरत दाराबाहेर गेले. मला वाटले, अक्का बोलणार नाहीत हे त्यांना समजले. रात्री अप्पांना मी जे पाहिले ते सांगितले. “पुन्हा येईल तो,” अप्पा म्हणाले. दुसऱ्या दिवशी आईने त्या नारळाची चटणी केली आणि ती फार छान झाली होती.

पुन्हा कुणी आले नाही. श्रावण अर्धा झाला तेव्हा लातूर गाडीचा वाहक, जो अप्पांच्या ओळखीचा होता, एक गुलाबी पत्रक घेऊन ओसरीवर आला. “काय अप्पा, आमच्या गंजात अक्का येऊन राहिल्या आणि आम्हाला सांगितलं बी न्हाई?” पत्रकावर शेवटच्या श्रावणी सोमवारी सकाळी सिद्रामप्पांच्या नव्या आडतीच्या मुहूर्तावर भागीरथीबाई देवणीकर यांचे गायन, असे ठळक छापलेले होते. अप्पांनी ते दोनदा वाचले आणि त्यांचा चेहरा तांबडा झाला. त्याच वाहकाच्या हाती निरोप गेला, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी सिद्रामप्पा आमच्या ओसरीवर उभे होते. काहीतरी चुकले आहे एवढे त्यांना कळले होते. काय, ते कळले नव्हते.

“सुपारी कुणी घेतली तुमची?” अप्पांनी विचारले.

“अक्कांनी घेतली की. ताट कपाळाला लावलं. ह्या ताई हुत्या तिथं.”

“आणि बिदागी? ती कुणी सांगितली?”

“अक्कांनीच. बोटांनी.” सिद्रामप्पांनी खांद्यावरचा रुमाल काढला, अप्पांचा हात ओढून त्याखाली घेतला आणि बोटे दाबली. “असं. मग असं. मग अंगठा हितं थांबला.”

अप्पांनी हात झटकून सोडवला. “निम्म्यात? आमच्या अक्काचा भाव तुम्ही पदराच्या सुरकुतीवरनं काढला?”

“तुम्ही बी तसाच काढता की, अप्पा. समद्या बाजाराला ठाव हाय. मला वाटलं, अक्का आडत्याची लेक. हमालाच्या पोरानं आडत टाकली म्हणून कमी केलं असंल. मी तर घरी जाऊन आईला सांगितलं, अक्कांनी पदरात घेतलं म्हणून.”

तोपर्यंत अक्का दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्या एकदम हसू लागल्या. अक्का क्वचितच मोठ्याने हसत. त्या दिवशी त्यांनी पदर डोळ्यांना लावला. “अहो सिद्रामप्पा, मी देवाचं नाव मोजून राहिले होते. तुमचा शब्द कानावर पडत होता, पण गोदावरीच्या पल्याडनं कुणी बोलावं तसा.”

सिद्रामप्पा हसले नाहीत. त्यांनी रुमालाची घडी घालून तो पुन्हा खांद्यावर ठेवला. “म्हणजे तुम्ही येणार न्हाई.”

“सोमवारी ती गात नाही,” अप्पा म्हणाले. “आजवर कधी गायली नाही. नारळ तुमचा घेऊन जा...” आणि मग त्यांना चटणी आठवली, व ते थांबले.

“नारळाचं काय न्हाई, अप्पा. गंजात मी नवा. जुनी मंडळी म्हणतेत, हमालाचं पोर, किती दिस टिकतंय बघू. गावोगाव पत्रकं गेलीत. पत्रकावरचं नाव खोटं निघालं तर माझ्या काट्यावर कोण माल टाकंल? जो येईल त्यो म्हणंल, ह्याचं वजन बी असंच असंल.” हे ते कुणाला दोष देत म्हणाले नाहीत, भाव सांगावा तसे म्हणाले. म्हणूनच ते आम्हा सर्वांच्या मनाला लागले. आई आतून पाण्याचा तांब्या आणि गूळ घेऊन आली आणि ठेवून तिथेच उभी राहिली.

संध्याकाळी शास्त्रीबुवा माझ्या पाठासाठी आले, तोवर सिद्रामप्पा ओसरीच्या कडेला बसूनच होते. अप्पांनी बुवांपुढे सारे मांडले. बुवा म्हणाले, की मौन हे लौकिक वाणीचे असते; ईश्वराच्या नामसंकीर्तनाने मौनभंग होत नाही, याला आधार आहे. अप्पा एकदम सरसावून बसले. “झालं तर मग. शिवाचंच गाणं हाय. सुटला प्रश्न.”

अक्का म्हणाल्या, “बुवा, तुमचं शास्त्र खरं. पण नुसतं देवासाठी म्हणायचं तर फुकट म्हणावं लागंल. बिदागी घेतली की ते गाणं मी विकलं. आणि सोमवारी गळा माझा नसतो. जे माझं न्हाई ते मी विकू कसं?”

“मग फुकट म्हण,” अप्पा म्हणाले.

“ते बी न्हाई. सिद्रामप्पा भाव ठरवून गेलेत. फुकट म्हटलं की त्यांचा सौदा खोटा, त्यांनी दान मागितल्यासारखं. त्यांनी कुठं दान मागितलं?”

“अगं, पण सौदा झालाच कुठं? तू जप करत होतीस.”

“बोटं माझी होती, गुरुलिंग. ताट बी मीच कपाळाला लावलं. त्यांनी जे बघितलं ते खोटं न्हाई.”

शास्त्रीबुवांनी माझ्याकडे पाहिले आणि पोथी मिटवून मांडीवर ठेवली. इतकी वर्षे मी धर्मशास्त्र वाचले, पुढे महाविद्यालयात शिकवलेही. पण व्रत आणि वचन असे समोरासमोर उभे राहिलेले, आणि एक माणूस दोघांतील एकाचाही हात सोडावयास तयार नसलेला, हे मी त्या ओसरीवर प्रथम पाहिले. अक्कांच्या चेहऱ्यावर ताण नव्हता. अवघड जागेवर सम गाठावयाची असली म्हणजे त्या जशा स्वस्थ होत, तशा त्या स्वस्थ होत्या.

“सिद्रामप्पा,” त्या म्हणाल्या, “पत्रकावर वेळ सकाळची हाय ना? मी सकाळी येऊन बसते. गाईन ते दिवे लागल्यावर.”

“अक्का, दुपारीच बाजार उठतो. गाडीवाले परत जातेत. कोण थांबंल?”

“न थांबोत. भागीरथीबाई आली न्हाई, असं तर कुणी म्हणणार न्हाई. मी तुमच्या दुकानी दिवसभर बसून राहीन.”

“नुसतं?”

“नुसतं.”

रविवारी दुपारी आम्ही भाड्याच्या मोटारीने निघालो. लोहा, अहमदपूर, चाकूर करीत दिवेलागणीला लातुरात. शेतांत मुगाच्या शेंगा काळ्या पडल्या होत्या आणि तोडणी करणाऱ्या बायकांच्या ओळी रस्त्यापासून क्षितिजापर्यंत वाकलेल्या दिसत. रात्री सिद्रामप्पांच्या आईने हुग्गी वाढली. गहू, गूळ आणि खोबऱ्याची ती दाट खीर अक्कांनी मागून घेतली. ती म्हातारी मात्र जेवली नाही. तिचे सारे लक्ष अक्कांच्या गळ्याकडे होते, जणू तिथे काही ठेवलेले आहे आणि ते उद्या सांडणार आहे.

सकाळी आडतीसमोर मंडप होता, पताका होत्या, पोत्यांची थप्पी लावून तिच्यावर गालिचा अंथरून केलेले आसन होते. मंडपात पाय ठेवायला जागा नव्हती. अक्का आल्या, नमस्कार करून आसनावर बसल्या, पदराखाली हात घेतला आणि डोळे मिटले. मी मागे तंबोरा घेऊन बसले. सिद्रामप्पांनी हात जोडून लोकांना सांगितले की अक्कांचे सोमवारचे मौन आहे, गाणे दिवे लागल्यावर होईल, ज्यांना थांबता येईल त्यांनी थांबावे. आधी कुणाचा विश्वासच बसला नाही. मग कुजबूज उठली. मागून एक हमाल मोठ्याने म्हणाला, “गाती का नुसती बसती?” दुसरा म्हणाला, “बसायला तर आमची म्हातारी बी बसती, तिला कोण गालिचा टाकतंय?” हशा पिकला. जुन्या आडत्यांपैकी एक जाडजूड गृहस्थ पान चघळत सिद्रामप्पांना म्हणाले, “सावकार, बोहनीलाच उधारी का?” सिद्रामप्पांच्या कपाळावरचे भस्म घामाने ओघळले होते. ते प्रत्येकाला पुन्हा पुन्हा तेच सांगत होते. अक्कांचा पदर एका लयीत हलत होता. मी इतक्या जवळ होते, पण त्या लयीत एकदाही अडखळ आलेली मला दिसली नाही.

पुष्कळ लोक उठून गेले. पहिला सौदा झाला तो औश्याकडच्या एका वृद्ध शेतकऱ्याच्या मुगाचा, रुमालाखाली, जुन्या रीतीने. सौदा होऊन माप झाले तरी तो म्हातारा गेला नाही. मंडपाच्या खांबाला टेकून बसला. त्याचा मुलगा म्हणाला, “दादा, चला की, गाडी जुंपलीय.” म्हातारा म्हणाला, “बस गा. रानाकडं बघत तीन महिने बसतोसच की. गाणं बी येईल उगवून.” त्यावर पुन्हा हसू उठले, पण ते निराळे होते. धान्य पाखडणाऱ्या काही बायका सुपे बाजूला ठेवून अक्कांच्या पायाशी येऊन बसल्या. एकीने कडेवरचे मूल खाली ठेवले, आणि ते रांगत जाऊन अक्कांच्या पदराच्या टोकाशी खेळू लागले. कुणी त्याला उचलले नाही.

दुपार कलली तेव्हा अक्कांनी डोळे न उघडता डावा हात किंचित मागे केला. तंबोरा लावण्याची ती खूण मला ठाऊक होती. मी तारा जुळवल्या आणि छेडू लागले. नुसता षड्ज आणि पंचम, दुसरे काही नाही. पुढे जे झाले ते मी अनेकांना सांगून पाहिले, आणि दरवेळी मला वाटले की सांगता आले नाही. तो गंज. तिथे पोती आपटण्याचा, काट्याच्या साखळ्यांचा, गाडीवानांच्या हाकांचा कल्लोळ कधी थांबत नाही. तो विझत गेला. कुणी सांगितले नव्हते. मापाड्याने मापे मोजताना आवाज खाली आणला. त्याचे ऐकून शेजारच्या दुकानाच्या मापाड्याने आणला. हमालांनी पोती टाकण्याऐवजी ठेवावयास सुरुवात केली. जो सकाळी हसला होता तोच हमाल एका गाडीवानाला ओठांवर बोट ठेवून दटावताना मी पाहिला. गेलेले लोक परत येऊ लागले, येताना शेजाऱ्यांना घेऊन. पान चघळणारे ते जुने आडते पान थुंकून, टोपी काढून, पोत्यावर बसलेले होते. त्या शांततेत तंबोऱ्याचा नाद एवढा मोठा झाला की तो मी काढीत आहे असे मला वाटेनासे झाले. माझी बोटे सोलवटली होती आणि ती दुखत आहेत हेही मला दुसऱ्या दिवशी कळले.

मी आयुष्यात पुष्कळ देवळे पाहिली. काशीला गेले, रामेश्वराला गेले. आजही पूजेला बसले आणि मन लागेना, तर मी मुगाच्या धुळीने भरलेला तो मंडप आठवते.

सूर्य गोदामांच्या पत्र्यांमागे गेला. सिद्रामप्पांच्या आईने आडतीच्या दारात समई लावली. अक्कांनी डोळे उघडले, गळ्यातील इष्टलिंग काढून तळहातावर घेतले आणि पोत्यांच्या त्या आसनावरच पूजा केली. तीर्थ घेतले. अक्कांनी मान वळवली आणि दिवसभरातील पहिले शब्द उच्चारले, ते सिद्रामप्पांना उद्देशून. आवाज थोडा खरखरीत होता.

“बोला, सिद्रामप्पा. कुठलं म्हणू?”

सकाळपासून हजार माणसांशी बोलून बोलून थकलेल्या त्या माणसाने हात जोडले. ते म्हणाले, “अक्का, काय बी म्हणू नका. तुम्ही आला, बसला, मी भरून पावलो. बिदागी मी आताच अप्पांच्या हाती देतो. माझं नाव राहिलं.”

अक्कांनी पदर सारखा केला आणि अप्पांकडे पाहिले. अप्पांचा हात, मी शपथेवर सांगते, पैसे घ्यायला पुढे झालेला नव्हता.

“बसायचे पैसे मी घेत न्हाई,” अक्का म्हणाल्या. मग माझ्याकडे न बघता, “गौरे, पंचम जरासा उतरलाय,” एवढे बोलून त्यांनी षड्ज लावला.